शहरातल्या ट्रॅफिकमध्ये शेतकऱ्याचे किती पैसे जातात? हिशेब मांडून पाहू या

संत्रा_बगीचा | ३० नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. काटोल तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे. सध्या आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्यात निघणाऱ्या फळाचा, तोडा सुरू आहे. परवा दीड टन माल पिकअपमध्ये भरला आणि सकाळी साडेसातला नागपूरला, कळमन्याच्या मंडईत निघालो. पहिले पंचावन्न किलोमीटर सव्वा तासात झाले. पुढचे पंधरा किलोमीटर, म्हणजे शहराच्या तोंडापासून थेट पूर्वेच्या टोकाला मंडईपर्यंत, दोन तास लागले. वाटेत अपघात नव्हता, मोर्चा नव्हता, पाऊस नव्हता. नुसत्या गाड्या.

मी पोचलो तेव्हा सकाळचे चांगले भाव होऊन गेले होते. आमच्याच शिवारातल्या शेजाऱ्याचा माल पहाटे पोचला होता. त्याला टनाला ३२,००० मिळाले, मला २९,५००. झाडं एकाच पाण्यावरची, फळ एकाच आकाराचं. दीड टनामागे माझे ३,७५० रुपये गेले.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. शहरातली वाहतूक कोंडी म्हटली की बोलणारे शहरातले असतात: ऑफिसला उशीर, पेट्रोल, धूर. ते खरंच आहे. पण त्याच रांगेत माझी संत्री असतात, कोणाचा कापूस असतो, कोणाचा पेशंट असतो. आमचा खर्च कुठल्या वहीत लिहिला जातो? तुम्ही कधी असा हिशेब केला असेल तर इथे टाका. नेमका आकडा काढायचा तर काय काय धरावं लागेल?

---

पिकअपवाला_७०७ | ३० नोव्हेंबर, रात्री १०:०५

भाऊ, गाडीवाल्याचा हिशेब मी सांगतो. माझी बोलेरो पिकअप आहे, सात वर्षं झाली भाड्यानं चालवून राहिलो. लोकाइले वाटते जाममध्ये डिझेल जळते म्हणून नुकसान. डिझेल त्यातलं सगळ्यात लहान आहे. मोकळ्या रस्त्यावर माल भरून गाडी १३ चा ॲव्हरेज देते, गच्च ट्रॅफिकमध्ये ८ चा. तुमच्या त्या १५ किलोमीटरमध्ये पाऊण लिटरही जास्त जळलं नसेल. सत्तर रुपयांच्या आत.

माझं खरं नुकसान खोटीचं, म्हणजे थांबून वाया गेलेल्या वेळेचं आहे. दहाच्या आत गाडी खाली झाली तर परतीचं भाडं मिळते. किराणा, सिमेंट, पशुखाद्य, काहीतरी असतेच. बारा वाजले की ते भाडं दुसऱ्याकडे जाते अन् मी साठ-सत्तर किलोमीटर रिकामा येतो. हजार-बाराशे त्यातच गेले. क्लच प्लेट अन् ब्रेक लायनरचं वेगळं. शहरात जास्त जाणाऱ्या गाडीचा क्लच किती लवकर बसते हे कोणत्याही मेकॅनिकले विचारा.

---

अनघा_वर्धा | ३० नोव्हेंबर, रात्री १०:३०

मी मूळची वर्ध्याची, नऊ वर्षांपासून पुण्यात नोकरी करते. टॉमटॉम या नकाशे बनवणाऱ्या कंपनीच्या २०२४ च्या संथ वाहतुकीच्या शहरांच्या यादीत पुणे जगात चौथ्या क्रमांकावर होतं, १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. भारतातली कोलकाता आणि बंगळुरू त्याच्या वर होती. म्हणजे ताशी १८ किलोमीटर. हा वेग मी रोज जगते.

शहराचे हिशेब निघतात हे खरं आहे. २०१८ मध्ये बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपचा एक अहवाल आला होता. दिल्ली, मुंबई, बंगळुरू आणि कोलकाता या चार शहरांत कोंडीमुळे वर्षाला २२ अब्ज डॉलरचं नुकसान होतं असा त्यांचा अंदाज होता. अहवाल उबरसाठी केलेला होता, हे लक्षात ठेवूनच तो वाचायला हवा. पण असले आकडे शहराचे असतात. काटोलहून आलेल्या दीड टन संत्र्याचा भाव पडला हे त्यात कसं दिसणार? दादा, तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

---

वऱ्हाडी_ठेचा | ३० नोव्हेंबर, रात्री १०:४१

राजेहो, उत्तर सोपं हाय. पहाटे चारले निंगायचं. शेजाऱ्यानं तेच केलं ना?

---

संत्रा_बगीचा | ३० नोव्हेंबर, रात्री १०:५८

@वऱ्हाडी_ठेचा, बरोबर आहे, आणि आता तेच करणार. पण पहाटे चारला निघायचं तर माल रात्री भरावा लागतो. रात्री भरणाऱ्या चार मजुरांना शंभर-शंभर जास्त द्यावे लागतात, आणि द्यायलाच हवेत, थंडीत कोण येईल? गाडी पावणेसहाला मंडईत पोचते आणि लिलाव सुरू होईपर्यंत आपण बसून. बायको रात्री अकरापर्यंत कंदील धरून उभी. या सगळ्याला मी आतापर्यंत खर्च धरतच नव्हतो. रस्त्याचा भरवसा असता तर साडेपाचला निघालो असतो.

---

गणित_मास्तर | १ डिसेंबर, सकाळी ७:१५

मी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. संत्रा_बगीचा यांनी शेवटी जे लिहिलं तिथेच या प्रश्नाची मेख आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कोंडीचा खर्च दोन प्रकारचा. एक, प्रत्यक्ष थांबण्याचा. दुसरा, किती थांबावं लागेल हे माहीत नसल्याचा. रोज नेमानं एक तासच उशीर होत असता तर आपण तो धरून निघालो असतो. पण कधी दहा मिनिटं, कधी दोन तास, असं असलं की शहाणा माणूस दोन तासांच्या हिशेबानं निघतो. रस्ता मोकळा मिळाला तरी ते दोन तास गेलेलेच. म्हणून नुसती सरासरी पाहिली तर नुकसान कमी दिसतं.

आता दुसरी गोष्ट. समजा एका नाक्यातून मिनिटाला ३० गाड्या निघू शकतात आणि येतात ३६. दर मिनिटाला ६ गाड्या रांगेत साचतात. तासाभरात ३६० गाड्यांची रांग, शेवटच्याला १२ मिनिटं. दोन तास असंच चाललं तर २४ मिनिटं. आणि ३६ च्या जागी ३० च आल्या तर? रांगच नाही. सहातली एक गाडी कमी झाली की कोंडी नाहीशी. शाळांना सुट्टी लागली की नागपूरचा रस्ता एकदम मोकळा का वाटतो, ते यावरून कळेल. गाड्या निम्म्या झालेल्या नसतात.

तिसरी गोष्ट, माझ्या सर्वांत आवडीची. त्या रांगेत मी माझी गाडी घातली. माझ्या गाडीला नाका ओलांडायला २ सेकंद लागतात. रांग मोडेपर्यंत माझ्या मागून हजार गाड्या येणार असतील तर प्रत्येकीचे २ सेकंद मी घेतले. दोन हजार सेकंद, म्हणजे तेहतीस मिनिटं. ती माझ्या खिशातून गेली नाहीत, म्हणून निघताना मी ती मोजली नाहीत. आर्थर पिगू या अर्थशास्त्रज्ञानं १९२० मध्ये हा विचार मांडला: आपल्या करण्याचा जो भार दुसऱ्यावर पडतो तो किमतीत आला नाही तर ती गोष्ट गरजेपेक्षा जास्त होते. रस्त्यावरची गर्दी हे त्याचं स्वच्छ उदाहरण.

---

लालपरी_वाहक | १ डिसेंबर, दुपारी १:२०

सर, तुमचं वाचून मीही कागद घेतला. मी एसटीत कंडक्टर आहे. परवाच्या फेरीत ४४ सीट भरलेल्या, वर दहा-बारा उभे. शहराच्या तोंडाशी ४० मिनिटं अडकलो. नुसते बसलेले धरले तरी ४४ गुणिले ४० मिनिटं म्हणजे २९ तास होतात. आठ तासांचा एक रोज धरला तर पावणेचार रोज. आमच्याकडे मजुरीचा रोज ३५० धरा, बाराशे-तेराशे रुपये एका फेरीत, एका जागी.

आणि बसमध्ये कोण असते हो? २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून सकाळच्या गाडीत निम्म्याहून जास्त बाया. घरकाम करणाऱ्या, नर्सिंगच्या पोरी, मंडईत भाजी नेणाऱ्या. त्यांचा अर्धा तास गेला तर मालकीण पगार कापते, कॉलेजात हजेरी कापली जाते. माझ्या बसच्या आजूबाजूला मात्र कारा. एका कारमध्ये एक माणूस. माझ्या बसच्या लांबीत अडीच कारा बसतात, त्यात तीन माणसं. रस्ता कोणी किती वापरला याचा हिशेब माणसागणिक करा, गाडीगणिक नको.

---

अनघा_वर्धा | १ डिसेंबर, दुपारी १:३४

@लालपरी_वाहक, +१. शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून नाक्यावर लावावं असं आहे.

---

पऱ्हाटी | १ डिसेंबर, संध्याकाळी ६:५०

मी हिंगणघाट भागातला. कापूसवाला. मला थोडं वेगळं म्हणायचं आहे, राग मानू नका. कोंडी फक्त शहरवाल्यांची नाही, आपणही करतो. हंगामात जिनिंगच्या बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची दुहेरी रांग असते. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. एक जण ट्रॉली आडवी करून वळवतो. सरांच्या हिशेबानं मिनिटाला ३६ गाड्या येत असतील तर पाच मिनिटं आडवी ट्रॉली म्हणजे १८० गाड्या थांबल्या. त्यातच शाळेची व्हॅन, त्यातच ॲम्ब्युलन्स.

ट्रॅक्टरवाला दिवसाच्या हिशेबानं पैसे घेतो. दुसऱ्या दिवशी काटा झाला तर दोन दिवसांचं भाडं. रात्रभर ट्रॉलीवर झोपायचं, कापसावर दव पडतं, मग ओल जास्त निघाली की क्विंटलमागे कटती. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० ठरला, पण हातात किती पडतो ते रांगेवरही अवलंबून असतं. आमच्याकडे एका जिनिंगनं दोन वर्षांपूर्वी टोकन सुरू केलं. तुमचा नंबर अमुक दिवशी, अमुक वाजता. पहिला आठवडा भांडणं झाली. दुसऱ्या आठवड्यात रस्त्यावर रांगच नव्हती. जिनिंग तेच, कापूस तेवढाच, माणसं तीच. फक्त सगळे एकदम येत नव्हते.

---

तात्या_अचलपूर | १ डिसेंबर, रात्री ८:१०

लहानपणची गोष्ट सांगतो. आमच्या बाबांची कापसाची बंडी रात्री जेवण करून निघायची. धुरकरी वाटेत झोपून जाई, बैल बरोबर जिनिंगच्या दारात जाऊन उभे राहत. पहाटे धुरकरी उठला की नंबर लागलेला. दोन बंड्या समोरासमोर आल्या की भरलेल्या बंडीला रिकाम्या बंडीनं वाट द्यायची, ही रीत होती. कोणी शिकवलेली नव्हती, बैलांनाही ठाऊक होती.

---

वऱ्हाडी_ठेचा | १ डिसेंबर, रात्री ८:१६

तात्या, मंग नागपूरच्या चौकात एक जोडी उभी करा. शिपायाले आराम भेटन. 😄

---

नर्सताई_गडचिरोली | १ डिसेंबर, रात्री ११:४५

ड्युटीवरून आले आणि धागा वाचला. रुपयांच्या हिशेबात एक गोष्ट सुटते आहे, म्हणून लिहिते.

आमच्याकडून अवघड केसेस नागपूरला पाठवाव्या लागतात. १०८ ची गाडी शंभर-दीडशे किलोमीटर सुसाट येते. रस्ता आता बरा आहे. मागच्या पावसाळ्यात एका बाळंतीण बाईसोबत मी गाडीत होते. रक्तस्राव सुरू होता. दीडशे किलोमीटरमध्ये कुठे थांबलो नाही आणि दवाखाना चार किलोमीटरवर असताना पंचवीस मिनिटं एका जागी. लोक वाईट नव्हते. समोरचा कारवाला खाली उतरून हात जोडून बाजूच्याला सांगत होता, पण सरकायला जागाच नव्हती. मी बाईचा हात धरून तिच्याशी बोलत होते आणि सलाईनच्या थेंबांकडे बघत होते. ती वाचली, बाळही वाचलं. आज ते बाळ बसायला लागलं आहे.

ॲम्ब्युलन्सला वाट दिली नाही तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. पण वाट द्यायची तर रस्त्यात इंचभर तरी मोकळं हवं ना. ती पंचवीस मिनिटं कुठल्या दरानं मोजायची, सर?

---

गणित_मास्तर | २ डिसेंबर, सकाळी ६:४०

ताई, त्या पंचवीस मिनिटांना दर लावायची माझी हिंमत नाही. माणसाच्या वेळेची किंमत त्याच्या मजुरीवरून धरण्याची जी पद्धत आहे तिचा हाच मोठा दोष. त्या हिशेबात शेतमजूर बाईचा तास स्वस्त आणि कारमधल्या अधिकाऱ्याचा महाग ठरतो. तुम्ही लिहिलंत ते वाचून मी आज वर्गात हीच गोष्ट सांगणार आहे, तुमची परवानगी असेल तर.

---

नर्सताई_गडचिरोली | २ डिसेंबर, सकाळी ७:०२

सांगा, सर. गावाचं नाव तेवढं नको.

---

रस्तेवाला | २ डिसेंबर, सकाळी ११:३०

सिव्हिलची ठेकेदारी करतो. सगळं वाचलं. माझ्या मते उपाय एकच: रस्ते रुंद करा आणि पूल बांधा. कामठी रस्त्यावरचा दुमजली उड्डाणपूल २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, साडेपाच किलोमीटरहून लांब, वर मेट्रो, मध्ये पूल, खाली रस्ता. त्या बाजूनं येणाऱ्यांना विचारा किती वेळ वाचतो. ७०१ किलोमीटरचा समृद्धी २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण झाला. नागपूर-मुंबई आठ तासांवर आलं. पंधरा वर्षांपूर्वी कोणी मानलं असतं का? पैसा लागतो, पण खोळंब्यात जातो त्यापेक्षा कमी.

---

पिकअपवाला_७०७ | २ डिसेंबर, दुपारी १२:१०

समृद्धी चांगलाच आहे, मी जातो त्यावरून. पण मेहकरहून चार तासांत नागपूरच्या तोंडाशी यायचं अन् मग शहरात दीड तास. हायवेनं वाचवलेलं नाका खाऊन टाकते. हायवेनं गाड्या लवकर आणून सोडल्या, पुढचा चौक तेवढाच. अन् ट्रॅक्टर, टू-व्हीलर, ऑटो यांना तर समृद्धीवर बंदीच आहे. त्यांचा रस्ता जुनाच राहिला.

---

गणित_मास्तर | २ डिसेंबर, दुपारी ४:०५

रस्तेवाला भाऊ, पुलाचा फायदा मी नाकारत नाही. जिथे एकच चौक घसा आवळतो तिथे पूल हवाच. पण अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच दाखवून दिलं होतं की शहरात गर्दीच्या वेळी नवा रुंद रस्ता केला की काही काळात तोही भरतो. जे आधी उशिरा निघायचे ते वेळेवर निघतात, जे बसनं जायचे ते गाडी काढतात, जे दुसऱ्या रस्त्यानं जायचे ते इकडे येतात.

म्हणून काही शहरांनी दुसरा मार्ग धरला, गर्दीच्या वेळी शहराच्या मध्यात यायचे पैसे. सिंगापूरनं १९७५ पासून, लंडननं २००३ मध्ये दिवसाला ५ पौंडांपासून. स्टॉकहोमची गोष्ट मला विशेष वाटते. तिथे २००६ मध्ये सात महिने नुसता प्रयोग केला. हद्द ओलांडणारी वाहनं साधारण पाचव्या हिश्श्यानं कमी झाली, रांगा त्याहून कितीतरी जास्त कमी झाल्या. प्रयोग बंद केला आणि गर्दी परत आली. आधी विरोध करणाऱ्या शहरानं सार्वमतात बाजूनं कौल दिला आणि २००७ पासून ते कायम झालं. ही कल्पना अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९५० च्या दशकापासून लावून धरली होती. १९९६ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी ते गेले.

---

पऱ्हाटी | २ डिसेंबर, संध्याकाळी ७:२५

सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण इथे मी तुमच्याशी भांडणार. पैसे लावले की कोण थांबेल? ज्याच्याकडे नाहीत तो. कारवाला शंभर रुपये सहज देईल. लालपरीतली बाई, माझा ट्रॅक्टर, बगीचावाल्यांची पिकअप यांचं काय? टोल देऊन देऊन आम्ही थकलो. आता शहरात शिरायचा वेगळा कर?

---

गणित_मास्तर | २ डिसेंबर, रात्री ९:००

तुमचा विरोध रास्त आहे आणि त्याचं उत्तर देणं माझं काम आहे. माझं म्हणणं एवढंच की आजही आपण पैसे देतोच. संत्रा_बगीचा यांनी एका सकाळी ३,७५० दिले. ते कोणाला मिळाले? शहराच्या तिजोरीत नाही, बसच्या ताफ्यात नाही, कोणालाच नाही. हवेत गेले. शुल्क घेतलं तर निदान ते बसवर खर्च करता येतं. लंडनमध्ये ते वाहतुकीवरच खर्च करण्याचं बंधन कायद्यात आहे. बस आणि मालवाहू गाड्यांना सूट ठेवता येते. पण बस पुरेशा नसताना आधी शुल्क लावणं अन्यायाचं होईल, हे तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो. आधी बस, मग बाकी.

आणि तुम्ही सांगितलेलं टोकन विसरू नका. सगळ्यांना एकाच वेळी यायचं असतं म्हणून रांग लागते, हाच विक्रींचा मुद्दा. तुमच्या जिनिंगनं तो पैसे न लावता सोडवला. ते मला लंडनपेक्षा जवळचं वाटतं.

---

भाजीवालीची_लेक | ३ डिसेंबर, सकाळी ५:५०

इथे अजून कोणी लिहिलं नाही, पण आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर दर आठवड्याला चालतं: "बाजाराच्या दिवशी रस्ता जाम, हातगाड्या आणि भाजीवाल्या हटवा." माझी आई चोवीस वर्षं त्या रस्त्याच्या कडेला मेथी, सांभार (कोथिंबीर), वांगी विकते. तिची जागा चार फूट बाय तीन फूट. तिच्या मागे दुकानापुढे सकाळपासून संध्याकाळपर्यंत कार उभी असते. आईची जागा दिवसाला एका घराचं पोट भरते. कारची जागा त्याहून सहापट मोठी, आणि तिचं कोणी भाडंही देत नाही. पण जामचं कारण कोण? आई.

फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. जागा नेमून द्यायच्या, ओळखपत्र द्यायचं, समिती नेमायची. ज्या दिवशी तसं होईल त्या दिवशी आई एक फूटही पुढे सरकणार नाही. तिलाही धक्के खात बसायचं नाही. तिच्या टोपलीवर दोनदा मोटरसायकल गेली आहे.

---

लालपरी_वाहक | ३ डिसेंबर, सकाळी ९:१५

ताई, शंभर टक्के. स्टँडबाहेर माझी बस अडते ती उभ्या कारांमुळे, भाजीवाल्यांमुळे नाही. भाजीवाल्या हॉर्नच्या आधीच टोपली ओढून घेतात. आईला नमस्कार सांगा.

---

फाटकावरचा | ३ डिसेंबर, दुपारी २:३०

एक उलटी बाजू सांगतो. आमच्या गावाजवळ रेल्वे फाटक होतं. दिवसातून वीस-पंचवीस वेळा बंद. दोन्हीकडे शंभर-शंभर गाड्या. माझे वडील तिथे भुईमुगाच्या शेंगा, बोरं आणि हंगामात संत्री विकायचे. त्या खोळंब्यावर आम्ही तीन भावंडं शिकलो. मग पूल झाला, फाटक कायमचं बंद झालं आणि आठ दिवसांत सगळ्यांची दुकानं उठली.

पूल व्हायलाच हवा होता, आम्हालाही पटतं. फाटकात अडकून माणूस दगावल्याचं गावानं पाहिलं आहे. पण फाटकावरच्या बारा घरांना कोणी विचारलं नाही, पुलाखाली दोन गाळे मिळाले असते तर वडिलांना उतारवयात मजुरीला जावं लागलं नसतं. हिशेब मांडता आहात तर ही एक ओळ त्यात असू द्या.

---

संत्रा_बगीचा | ३ डिसेंबर, रात्री ८:२०

असू द्या म्हणजे काय, लिहिलीच. मी खरंच वही केली आहे.

---

अनघा_वर्धा | ५ डिसेंबर, रात्री १०:१०

आता विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन येईल. नागपूर करारापासून, म्हणजे १९५३ पासून ठरलेलं आहे, त्यामुळे ते नागपुरात व्हायलाच हवं. मोर्चेही यायलाच हवेत, आपलीच माणसं आपलंच गाऱ्हाणं घेऊन येतात. पण त्या दिवसांत वळवलेल्या रस्त्यांची माहिती गावात मालवाल्यांपर्यंत वेळेवर पोचते का? बाबा सांगतात की कळतं ते थेट बॅरिकेडसमोर गेल्यावर.

---

पिकअपवाला_७०७ | ५ डिसेंबर, रात्री १०:२२

आम्ही पंधरा-वीस गाडीवाल्यांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप केला आहे. जो पुढे असतो तो बोलून टाकतो: "इकडून येऊ नका, रिंग रोडनं या." गूगलपेक्षा लवकर कळते, कारण कोणता रस्ता भरलेल्या गाडीला चालतो हे गूगलले माहीत नसते. ज्याले जुडायचं त्यानं निरोप टाका.

---

संत्रा_बगीचा | २१ डिसेंबर, रात्री ९:०५

धागा वर काढतो. विचारला होता मी, म्हणून उत्तरही मीच आणायला हवं होतं. तीन आठवड्यांत माझ्या आणि दोन शेजाऱ्यांच्या मिळून नऊ खेपा लिहून ठेवल्या.

सकाळी साडेसातच्या सुमारास निघालेल्या पाच खेपा: सर्वांत कमी दोन तास पाच मिनिटं, सर्वांत जास्त तीन तास पन्नास. पहाटे चारला निघालेल्या चार खेपा: चारही वेळा पावणेदोन तासांच्या आत. अंतर तेच, रस्ता तोच.

उशिराच्या पाच खेपांपैकी तीनदा भाव कमी मिळाला, दोनदा फरक पडला नाही, कारण त्या दिवशी मालच कमी आला होता. तेव्हा दर वेळी ३,७५० जातात असं म्हणणं चूक ठरेल. माझा पहिला आकडा सर्वांत वाईट दिवसाचा होता, हे कबूल करायला हवं. पाच खेपांची सरासरी काढली तर भावातला फटका १,४०० च्या आसपास येतो. पिकअपवाले भाऊ बरोबर होते, डिझेल कुठल्याच खेपेत शंभराच्या वर गेलं नाही. पहाटेच्या खेपेला मजुरांचे ४०० जास्त आणि माझी एक झोप. म्हणजे एका हंगामात माझ्या तीस खेपा धरल्या तर पहाटे निघूनही नुसत्या भरवशापोटी १२,००० रुपये जातात, आणि सकाळी निघालो तर त्याच्या तिप्पट-चौपट. माझ्या लेकीची वर्षाची कॉलेजची फी यापेक्षा कमी आहे.

दुसरं, पऱ्हाटी भाऊंचं वाचून आम्ही तिघे शेजारी बसलो. तिघांच्या तीन पिकअप कशाला? प्रत्येकी ३,००० भाडं, तीन गाड्या रस्त्यावर. गेल्या दोन खेपा आम्ही एक आयशर, म्हणजे मोठी मालगाडी, केली. साडेचार टन एकत्र, भाडं ५,५००. माणशी अकराशेच्या वर वाचले, आणि नागपूरच्या रांगेतल्या दोन गाड्या कमी झाल्या. कोणाचा माल कुठला हे कॅरेटवर रंगाच्या पट्ट्यांनी ओळखायचं: माझी पिवळी, बाकी दोघांची लाल आणि निळी. पहिल्या खेपेला अडत्याच्या माणसाचा गोंधळ झाला, दुसऱ्या खेपेला नाही.

---

पऱ्हाटी | २१ डिसेंबर, रात्री ९:३०

भाऊ, मन भरून आलं. पण पिकअपवाल्याचं भाडं गेलं की हो.

---

पिकअपवाला_७०७ | २१ डिसेंबर, रात्री ९:४८

गेलं नाही, भाऊ. मी आता गावातला माल गोळा करून आयशरपर्यंत आणतो. दिवसाला चार लहान खेपा, शहरात जायचं नाही, संध्याकाळी सातले घरी. क्लचही खूश, पोरगीही खूश. भाडं थोडं कमी आहे, पण हाती राहते तेवढंच.

---

गणित_मास्तर | २२ डिसेंबर, सकाळी ६:५५

ती वही मला पाहायला मिळेल का? बारावीच्या मुलांना घेऊन फेब्रुवारीत मृग बहाराच्या खेपा मोजायच्या म्हणतो. प्रत्येक मुलाला एक गाडी: निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, भाव. लालपरी_वाहक, तुमच्या फेऱ्याही हव्यात.

---

लालपरी_वाहक | २२ डिसेंबर, दुपारी १२:४०

माझ्याकडं वेळ लिहायची सवय आहेच. पोरांना पाठवा, सकाळच्या फेरीत पुढची सीट राखून ठेवतो.

---

संत्रा_बगीचा | २२ डिसेंबर, रात्री ८:१५

सर, वही घेऊन जा, पानं अजून कोरी आहेत. आणि काटोलच्या आसपास कोणाचा तोडा राहिला असेल तर सांगा. गुरुवारी पहाटे चारला गाडी निघते, सहा क्विंटलची जागा शिल्लक आहे. पट्टी हिरवी लावा.